करंगळीपासून अंगठ्यापर्यंत

हर्षाली घरतच्या उजव्या हाताने पहिला डोळा आखला, तेव्हा हर्षाली जांभई देत होती.

प्रशिक्षण केंद्राच्या दालनात दुपारच्या गुंगीनंतर सगळ्यांना पाटाशी बसवले होते. तिच्यासमोर हातभर उंचीची गणेशमूर्ती होती. अंगावर रंग चढलेला, दागिन्यांचे सोनेरी कामही झालेले, फक्त डोळ्यांच्या जागी दोन कोऱ्या पांढऱ्या खाचा. पेणच्या मूर्तिकामात माती मळणारे पुष्कळ आणि रंग मारणारेही पुष्कळ. पण डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते आणि ती साऱ्या गावात मोजक्या हातांनाच साधते. पापणीची रेघ केसभर वर गेली तर देव दचकल्यासारखा दिसतो, केसभर खाली आली तर पेंगुळल्यासारखा. असा हात कमवायला दहा-बारा वर्षे लागतात असे जुने लोक सांगत. हर्षालीने ब्रश धरायला शिकून महिनाही उलटला नव्हता. तरीही तिचा हात उठला, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकली, श्वास आपोआप अडला, आणि एकाच वळणात पापणी उतरली. दुसऱ्या कोणाचे काम त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहावे, तशी ती पाहत राहिली.

तिने आठवीत शाळा सोडली होती. वडील आधीच गेलेले; त्यात आईचे, सुगंधाचे, डोळे साखरेच्या दुखण्याने गेले. खाडीकाठच्या दोन खोल्यांत त्या बाईला हाताला धरून नेणारे दुसरे कोणी नव्हते. तेव्हापासून हर्षाली आईचे डोळे झाली, आणि आई तिला हातावरून ओळखू लागली. ती घरात आली की सुगंधा आधी तिचा हात हातात घेई, तळव्यावरून बोट फिरवी, आणि आज काय काय केलेस हे पोरीच्या तोंडून ऐकण्याआधी स्वतःच सांगे. मासळी साफ केलेली, धुणे धुतलेले, कोणाशी भांडून मूठ आवळलेली. हाताला लपवता येत नाही, असे तिचे म्हणणे.

योजनेचे नाव हस्तवारसा. शाळा अर्धवट सोडलेल्यांसाठी आजवर निघालेल्या बहुतेक योजना एकाच खड्ड्यात पडल्या होत्या: ज्याला बाकाने हाकलले त्यालाच पुन्हा बाकावर बसवायचे, आणि तो का टिकत नाही याचे आश्चर्य करायचे. हस्तवारसा योजनेने बाकच काढून टाकला. तिच्यामागचे शास्त्र समजायला अवघड नाही. सवयीची हालचाल स्नायूंत साठत नाही. ती मेंदूत साठते, स्नायू केवळ आज्ञा पाळतात. सायकल चालवणाऱ्याला आपण तोल कसा सांभाळतो हे सांगता येत नाही, कारण ते ज्ञान मेंदूने शब्दांच्या कप्प्यात ठेवलेलेच नसते. शास्त्रज्ञांनी निष्णात कारागिरांच्या डोक्यावर आणि दंडापासून बोटांपर्यंत संवेदकांची बारीक जाळी बसवली, आणि काम चालू असताना मेंदूकडून हाताकडे जाणारा व हाताकडून मेंदूकडे परतणारा प्रत्येक संदेश टिपून त्याचा ठसा तयार केला. हा ठसा मग शिकणाऱ्याच्या मेंदूत आणि हातात एकाच वेळी मंद स्पंदनांनी उमटवायचा. तोही जेवणानंतरच्या गुंगीत, जेव्हा जागेपणाचा विचार आडवा येत नाही. हातमोजा आणि कपाळपट्टी असे ते साधन होते. मुले त्याला पंजा म्हणत. पहिले तीन महिने पंजा केंद्रातच चढवला जाई. नंतर दुपारच्या उजळणीसाठी तो घरी नेता येई.

आखणीचा ठसा दिवंगत दत्तात्रेय चौलकर यांचा होता. दालनाच्या भिंतीवर त्यांचे मोठे छायाचित्र होते: कपाळावर अष्टगंध, शांत चेहरा, मांडीवर ठेवलेला लांब बोटांचा हात. राज्यभरातल्या केंद्रांतून शंभराहून अधिक मुलेमुली तोच हात शिकत होती.

केंद्राचे प्रमुख डॉ. ईशान रेगे तरुण होते, विनयशील होते, आणि आपल्या कामावर त्यांची मनापासून निष्ठा होती. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "आम्ही माणूस घेत नाही. फक्त हात घेतो."

वाक्य मोठे देखणे होते. माणसापासून हात सुटा करता येतो, हे त्यात गृहीत धरलेले होते. सिद्ध केलेले नव्हते.

घरी पहिला बदल हर्षालीच्या ध्यानात आला तो भाकरीच्या निमित्ताने. तांदळाची भाकरी ती लहानपणापासून हातावर थापत आलेली; पाण्याचा हात लावावा, उकड तळव्यावर फिरवावी, आणि ती पानासारखी पातळ व्हावी. एके सकाळी तिने गोळा घेतला आणि हात थांबला. पुढे काय करायचे हे तिला ठाऊक होते, हाताला नव्हते. बोटे गोळ्यावर नुसती टेकून राहिली, मातीचा कस पाहावा तशी. चौलकरांनी जन्मात भाकरी थापली नसणार. जुन्या सवयीवर नवी सवय चढत होती, आणि मेंदूतली जागा काही रबरासारखी ताणली जात नाही.

तिने हे रेग्यांना सांगितले. असे थोडेफार होते, कालांतराने दोन्ही सवयी शेजारी शेजारी नांदू लागतात, असे त्यांनी समजावले आणि तिच्या आखणीचे कौतुक केले. ते कौतुक खोटे नव्हते. हंगाम संपताच एका मोठ्या कारखान्यात तिची जागा ठरली होती. दहावीच्या तोडीचे प्रमाणपत्र मिळणार होते. आईला आता दवाखान्यात न्यायला रिक्षा परवडणार होती.

मग आईच्या वेणीचा दिवस आला. हर्षालीने तेल लावून केस हातात घेतले, आणि सुगंधा ताठ झाली. तिने मान फिरवली, तिचे पांढुरके डोळे हर्षालीच्या खांद्यापलीकडे कुठेतरी लागले.

"कोन हाय गो?"

"मी, आये. दुसरं कोन असनार?"

सुगंधा हसली, "मना डुलकी लागली व्हती," म्हणाली. पण वेणी पुरी होईपर्यंत तिने खांदे सैल सोडले नाहीत. तिच्या गालफडावर एक जांभळा डाग होता. हर्षालीने विचारले तेव्हा दाराची चौकट लागली असे तिने सांगितले. हर्षालीला ते जरा विचित्र वाटले. आंधळेपणाच्या इतक्या वर्षांत आपल्याच घरातली चौकट आईला कधी लागली नव्हती.

याच सुमारास हाताला आणखी एक खोड जडली. मनाविरुद्ध काही घडले, नळाचे पाणी गेले, बस चुकली, की हातातली वस्तू तो हलकेच खाली ठेवी आणि बोटे जे मिळेल त्या कापडाला पुसू लागे. एकेक करून. करंगळी, अनामिका, मधले बोट. तिने लक्ष वळवले की तो थांबे.

आखणीच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. ज्याचा हात बसला, त्याने आपली पहिली मूर्ती गुरूच्या घरी नेऊन दाखवायची आणि तिचा एक डोळा तिथे, गुरूच्या देखत, पुरा करायचा. केंद्रातल्या कोणालाच ती सुचली नव्हती. त्यांच्या लेखी गुरू म्हणजे पंजा. हर्षालीला सुचली, कारण हा हात कोणाचा, हे तिला आता जाणून घ्यायचे होते. चौलकर नव्हते, पण त्यांची पत्नी सुमती गावातच एकटी राहत होती. एका दुपारी हर्षाली मूर्ती कपड्यात गुंडाळून तिच्या पडवीत जाऊन उभी राहिली.

सुमतीकाकू साठीच्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. चौलकरांचा कारखाना या पडवीतच होता. जन्मभर रंग कालवून देण्याचे काम त्यांनी केले होते. रीत पाळायला कोणीतरी आले याचे त्यांना बरे वाटलेले दिसले. त्यांनी पाट मांडला, वाटीत काळा रंग कालवला, आत गॅसवर चहाचे आधण ठेवले, आणि समोर येऊन बसल्या.

हर्षालीने डोळा आखला. काकू मूर्तीकडे पाहत नव्हत्या. त्या हाताकडे पाहत होत्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू कोरा होत गेला.

"अगदी तसाच," एवढेच त्या म्हणाल्या.

चहा आला; उरलेला आत मंद गॅसवर होता. कप पुढे करतानाही काकूंची नजर त्या हातावरच होती, आणि कप कलंडला. चहाचा ओघळ पाटावरून मूर्तीच्या पायाशी आला, ताज्या सोनेरी कामात शिरला. महिन्याभराचे काम. हर्षालीच्या मनात चीड उमटली. क्षणभराची, कोणालाही आली असती अशी. हाताने ब्रश वाटीवर आडवा ठेवला, अगदी अलगद, टोक कशाला लागणार नाही असा. मग बोटे ओढणीला पुसायला लागली. करंगळी. अनामिका.

सुमतीकाकू उठल्या. त्या आत गेल्या, त्यांनी गॅस बंद केला, आणि परत येऊन पडवीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. दोन्ही हात छातीशी, मान खाली. त्या हर्षालीकडे पाहत नव्हत्या. वाट पाहत होत्या.

हर्षालीने डाव्या हाताने उजवे मनगट धरले. मग काकूंना आपण कुठे उभ्या आहोत याचे भान आल्यासारखे झाले. त्या खाली बसल्या आणि पदराने चहा टिपू लागल्या.

"गॅस का बंद केलात, काकू?"

"उकळतं काही अंगावर यायला नको, म्हणून," काकू म्हणाल्या. मग कापडाच्या दुकानातला माल दाखवावा अशा सपाट आवाजात त्यांनी सांगितले. रंग बदलायचा असला की चौलकर खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत, एकदाच, घाईत. पण बोटे एकेक करून पुसू लागले की काकूंना कळे. ब्रश आधी नीट ठेवायचे, कारण ब्रश महागाचे. मग करंगळीपासून सुरुवात. रंगाचा हात बाईच्या गालावर उमटला तर लोकांना दिसेल, म्हणून बोटे स्वच्छ करायचे. "अंगठा शेवटी. अंगठा पुसून झाला की मग."

"मग काय" हे विचारायची गरज उरली नव्हती. हर्षालीने वेगळेच विचारले: ठसा घेणाऱ्यांना हे कसे कळले नाही? काकूंना त्याचेच आश्चर्य वाटत आले होते. ती जाळी चिकटवायला फार वेळ लागे, म्हणून हंगामभर चौलकरांनी ती अंगावर तशीच ठेवली होती. घरातही. "मला वाटायचं, यंत्राला सगळं कळत असेल. आज ना उद्या कोणी विचारायला येईल. आले ते शाल-श्रीफळ घेऊन."

घरी परतताना हर्षाली उजवा हात ओढणीत गुंडाळून चालत होती. एक प्रश्न तिच्या मनात आकाराला येत होता आणि तो पुरा होऊ नये असे तिला वाटत होते. दारात पाऊल टाकताच सुगंधाने नेहमीप्रमाणे हात पुढे केला. हर्षालीने तिला डावा हात दिला.

"आये, ती चौकट नव्हती ना?"

सुगंधाने डावा तळवा चाचपला. बराच वेळ ती तळव्यावरून बोट फिरवत राहिली.

"तू झोपलेलीस. पंजा हातात," ती म्हणाली. "तांब्या माज्या हातून लवंडला, पानी तुज्या अंगाव गेला. मंग तुजी बोटा माज्या पदराला पुसाया लागली. एकेक करून. मना वाटला सपान पडलाय पोरीला. मंग..."

हे एकदाच घडले का, या प्रश्नावर तिने पदर गालावर ओढला. हर्षालीने ओरडून विचारायचे ते हळूच विचारले: बोलली का नाहीस?

"कोनाला बोलू? हात तुजा नव्हता गो. मना कललं ना. तुजा असता तर बोलले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच हर्षाली रेग्यांसमोर उभी राहिली. हातातला ठसा उतरवून द्या, एवढेच तिचे मागणे. रेग्यांनी तिला बसवले, सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे आपली बाजू मांडली. ब्रश हातात असतानाचे तुकडेच त्यांनी ठशात घेतले होते. ब्रश ठेवणे आणि बोटे पुसणे ही कामाची समाप्ती म्हणून आत आली. पुढचे काही असलेच, तर ते कापून टाकले होते. जे ठशात नाही ते हातात येणार कसे? शिवाय रागाचे स्थान मनात. हाताला राग नसतो.

आठवीत शाळा सुटलेल्या मुलीजवळ याला शास्त्रीय उत्तर नव्हते. ते खरे तर रेग्यांच्याच शास्त्रात होते. आपण बोलतो तेव्हा एक अक्षर उच्चारता उच्चारता ओठ पुढच्या अक्षराच्या तयारीला लागलेले असतात. हालचालीचेही तसेच आहे. बोटे पुसणाऱ्या मेंदूत पुढच्या फटक्याची जुळवाजुळव अगोदरच सुरू झालेली असते. कात्रीने फटका कापला, पण त्याचे बी आधीच्या तुकड्यात राहिले. अर्धे म्हटलेले गाणे ऐकणाऱ्याच्या मनात पुरे होते, तसा मेंदू अर्धा ठसा पुरा करतो. त्याला राग नको असतो, फक्त निमित्त हवे असते.

रेग्यांनी परिणामांची जाणीव दिली. ठसा उतरवला की आखणी जाईल, कारखान्यातली जागा आणि प्रमाणपत्र जाईल. आणि हात बरेच महिने कोरा राहील, कारण जुने सगळे नव्याखाली गाडले गेले आहे. योजनेचा फेरविचार एका मुलीच्या सांगण्यावरून होणार नाही. पुरावा लागेल.

हर्षाली काही म्हणणार तोच शेजारच्या दालनात काहीतरी आदळले.

दोघे दाराशी गेले. सफाईला येणाऱ्या अनसूयाबाईंचा पाय वायरीत अडकला होता. रंगाच्या वाट्यांची फळी त्यांच्या धक्क्याने कोसळली होती, आणि तयार मूर्तींच्या रांगेवर काळा रंग उडाला होता. त्या "चुकलं गं पोरींनो" म्हणत फडक्याने पुसायच्या खटपटीत होत्या.

दोन रांगांतल्या सगळ्या मुलामुलींनी आपापले ब्रश वाट्यांवर आडवे ठेवले. एकाच क्षणी, अगदी अलगद. कोणाचे टोक कशाला लागले नाही. कोणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. दोघी-तिघी तर आपसात पुटपुटत होत्या, एकीला हसू येत होते. खाली, मांड्यांवर, उजवे हात कापड शोधत होते. करंगळी. सगळ्यांची मिळून एकच सरसर ऐकू आली. अनामिका. भिंतीवरून चौलकर शांत चेहऱ्याने पाहत होते, आणि मूर्तींचे आखून झालेले सगळे डोळे त्यांच्यासारखेच शांत होते.

हर्षालीला जाणवले की आपली बोटेही कुर्त्याला घासत आहेत. मधले बोट चालू होते. तिने हात पाठीमागे नेऊन दाराच्या कडीत अडकवला, दुखेपर्यंत.

"डॉक्टर," ती म्हणाली, "अंगठा पुसून व्हायच्या आत त्या बाईंना बाहेर काढा."

रेगे एक पळभर तिच्याकडे पाहत राहिले. मग धावले.

पुढे चौकशी बसली. सुमतीकाकू चौकशी समितीपुढे जाऊन गॅसची गोष्ट सांगून आल्या. छायाचित्र उतरले, योजना मात्र नवा हात शोधू लागली. काही मुलांनी ठसा उतरवला. काहींनी उतरवला नाही, कारण काम चांगले होते आणि त्यांच्या घरांत त्यांना भिऊन कोणी काही बोलत नव्हते. त्या वर्षीच्या चतुर्थीला राज्यातल्या किती घरांत तेच डोळे पाटावर बसले, हे कोणी मोजले नाही.

हर्षालीने पहिल्याच दिवशी ठसा उतरवून घेतला. हात खरोखरच कोरा झाला. बटण लागेना, घास तोंडापर्यंत येताना सांडे. पंधरवड्यानंतर एका सकाळी तिने हिय्या करून परातीत उकड काढली. गोळा हातातून घसरला, परात खणखणत कलंडली, पाणी सुगंधाच्या मांडीवर गेले.

सुगंधाने श्वास रोखून कान दिला. कापडाची सरसर नव्हती. उजवा हात हर्षालीच्या मांडीजवळ उताणा पडला होता, काहीच न करता.

आईने चाचपत तो उचलला. तळवा पाहिला, एकेक बोट पाहिले, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, आणि अंगठ्यापाशी जरा थांबली.

"कोन हाय, आये?" हर्षालीने विचारले.

"कोनाचाच नाय अजून," सुगंधा म्हणाली. तिने आपले दोन्ही तळवे त्या हाताभोवती घेतले आणि तो परातीकडे नेला. "चल, पान्याचा हात लाव."